ठेवू का उडवू?

केणींच्या तोंडून कुणाविषयी चांगला शब्द मी एकदाच ऐकला, आणि ती बाई तेव्हा मरून सहा वर्षं झाली होती. जिवंत माणसांशी त्यांचं फारसं जमायचं नाही. जिवंत माणसाला ते आधी नीट न्याहाळायचे, मग त्याचं दुखणं शोधायचे आणि तिथे बोट ठेवून दाबायचे. अशा माणसाबद्दल लिहायचं म्हणजे आपल्याही अंगावर काहीतरी उडणार, हे मला माहीत आहे.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाला लागणारी पावडर बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी गेटपाशी वजनकाट्यावर. भरलेला ट्रक आला की वजन घ्यायचं, रिकामा होऊन गेला की पुन्हा घ्यायचं, आणि मधल्या वेळात येणारा-जाणारा बघत बसायचं. केणींचा हुद्दा पगारपत्रकावर 'सहायक' एवढाच होता, पण कारखान्यातल्या एकोणीस कॉम्प्युटरांचे धनी तेच. बसायला भांडाराशेजारची कोपऱ्यातली खोली. अंगात पांढरा शर्ट, वरच्या खिशात पेनाऐवजी पेचकस, गालात बडीशेप. कॉम्प्युटरपुढे बसताना चपला काढायचे. दुसऱ्याचा कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटायचे आणि पडलेला चिवडा चार लोकांना दाखवून विचारायचे, "घरान जेवाला घालीत नाय का रं तुना?"

ते बेलवलीचे, आगरी. बापाचं भातशेत अंबरनाथच्या बाजूला होतं, ते वसाहतीत गेलं आणि त्याच्या बदल्यात लेकाला नोकरी मिळाली, गोण्या उचलायची. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचा खोका केणींनीच डोक्यावरून वर नेला होता. उत्सुकतेनं त्यांनी पडद्याला बोट लावलं, तर तेव्हाचे अकाउंट्सचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ए हमाल, खाली ठेव आणि चालता हो." केणी चालते झाले ते उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनला. तिथे एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या माळ्यावर क्लास होता. खाली शिलाई मशिनांचा खडखडाट, वर केणी. दोन वर्षं ड्युटी संपवून ते शेअर रिक्षानं जात राहिले आणि परत आले ते सगळ्यांच्या मानगुटीवर बसायलाच. त्या साहेबांचा कॉम्प्युटर पुढे दर महिन्याला बिघडायचा. दुरुस्त करायला केणी दोन-दोन दिवस लावायचे.

आता त्यांचं मुख्य शस्त्र सांगतो. नव्या कॉम्प्युटरची एक खोड असते. पहिल्यांदा चालू केला की तो तुमचा ई-मेल मागतो. तो दिला की तुमचं खातं थेट बनवणाऱ्या कंपनीच्या दफ्तरात नोंदलं जातं आणि मग तुम्हाला आत घेतात. केणींना हे मान्य नव्हतं. ते नेटची तार उपटायचे, काळ्या खिडकीत एक ओळ मारायचे, आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं लोकल खातं उघडून द्यायचा. या खात्याची खबर त्या डब्याबाहेर कुणालाच नसते. नाव काहीही घाला, विचारणारा कोणी नाही. पासवर्ड विसरलात तर बाहेरून कोणी सोडवायला येत नाही. सोडवणार फक्त डब्याचा धनी, म्हणजे केणी.

धाकटे शेठ एकदा नवाकोरा लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "केणी, माझा मेल टाका ना, सगळा डेटा आपोआप क्लाउडवर जाईल."

"जाईल ना. पन कोनाचे घरान?"

"मतलब?"

"शेठ, आपले घरान शिराला भायरच्याला विचाराचा? भायेर गेला का तो आपला ऱ्हात नाय."

थोरल्या शेठना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, हे फार पटलं. त्यांना कशावरच विश्वास नव्हता, तर क्लाउडवर कुठला असणार! मग केणींनी तार उपटली, खातं उघडलं आणि लॅपटॉप फिरवून धाकट्या शेठसमोर धरला. पडद्याच्या मधोमध, गोल चित्राखाली, इंग्रजी अक्षरांत मराठी नाव होतं: 'बापाचा'. थोरले शेठ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. धाकटे शेठ हसले नाहीत, आणि त्यांनी ते विसरूनही टाकलं नाही.

मुळात केणी खात्याला माणसाचं नाव द्यायचेच नाहीत. नाव ते ठेवायचे, आपल्याकडे 'नावं ठेवतात' तशी. पगाराच्या शिंद्यांचं 'उद्या देतो'. डिस्पॅचमधल्या गुटखेवाल्याचं 'पिचकारी'. खरेदी विभागात एक बिचारा बोलताना अडखळायचा, त्याचं 'ततपप'. दररोज सकाळी कामावर आलं की आपापल्या नावावर टिचकी मारून, पासवर्ड घालून आत शिरायचं. स्वतःच्या खात्याचं नाव त्यांनी 'हमाल' ठेवलं होतं, त्यामुळे तक्रारीला तोंडही उरलं नव्हतं. मलाही नाव होतं. ते मी शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर पुढचं लिहायला बळ राहणार नाही. आम्ही हसायचो सगळे. दुसऱ्याचं नाव वाचून पोटभर हसलं की स्वतःचं वाचायला तेवढं कठीण जात नाही.

नाव शोधायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. नवीन माणूस आला की ते त्याला आपल्या खोलीत नेत, चहा मागवत, खुर्ची पुसून देत. मग असं काही मायेनं बोलत की माणूस विरघळायचा. कुठला, कोण, घरी काय, झोप लागते का. निर्मला सकपाळ डिस्पॅचला लागल्या त्या दिवशी मी हजेरीची वही द्यायला त्या खोलीत गेलो होतो आणि उगाच रेंगाळलो. बाई पस्तिशीच्या, नीटनेटक्या, गळ्यात मंगळसूत्र. बदलापूरला राहायच्या, बेलवलीतच, भाड्याच्या घरात. "आमचे बाजूची तू, म्हंजे बहीनच झाली," केणी म्हणाले. तिसऱ्या घोटाला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा चार वर्षांपूर्वी दुसरीबरोबर निघून गेला होता. बिल्डिंगमध्ये त्यांनी सांगितलं होतं की मस्कतला आहे, नोकरीला. मुलाच्या शाळेत तेच, वाण्याला तेच. "कुणाला बोलू नका हं केणीभाऊ," त्या म्हणाल्या.

"छ्या! मी कोनाला बोलतो?"

आणि खरंच ते कुणाला बोलले नाहीत. फक्त कॉम्प्युटरकडे वळले आणि टाइप केलं: 'टाकलेली'.

निर्मलाताईंनी ते वाचलं. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या साडेनऊऐवजी साडेआठला यायला लागल्या. डिस्पॅचमध्ये तिघांत एक कॉम्प्युटर होता. बाकीचे यायच्या आत तो चालू करून त्या आपल्या खात्यात शिरलेल्या असायच्या. कारखान्यातल्या लोकांनी नाव वाचलं, चार दिवस कुजबुजले आणि मग त्यांनाही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, विशेषतः दुसऱ्याच्या दुःखाची.

केणींची दुसरी प्रथा निरोपाची. कुणी निवृत्त झालं की शाल-श्रीफळ, समोसे, दोन भाषणं, आणि मग सगळी वरात त्या माणसाच्या टेबलापाशी. केणी धन्याच्या, म्हणजे प्रत्येक डब्यात पडद्यावर न दिसणाऱ्या आपल्या खात्यातून आत शिरायचे आणि निवृत्ताचं खातं पुसायला घ्यायचे. पुसताना कॉम्प्युटर विचारतो, याच्या फाइली ठेवायच्या की काढून टाकायच्या. दोन बटणं येतात. केणी मागे वळून त्या माणसाला विचारायचे, "ठेवू का उडवू?"

कारखानीस नावाचे आमचे प्रयोगशाळेतले गृहस्थ बावीस वर्षांनी निवृत्त झाले. ते मोगऱ्याच्या कलमांवर टिपणं करायचे, जेवणाच्या सुट्टीत, वर्षानुवर्षं. ते म्हणाले, "ठेवा हो. मी उद्या पेनड्राइव्ह घेऊन येतो."

"कोनासाठी ठेवाच्या?"

"अहो, माझी कलमांची टिपणं आहेत..."

"उद्या तुना गेटवर कोन आत घेनार हाय?" म्हणत केणींनी बटण दाबलं. हशा पिकला. कारखानीसही हसल्यासारखं करून शालीची घडी घालत बसले. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या.

तर मी म्हटलं की चांगला शब्द एकदाच ऐकला. केणींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवडे रजेवर गेले, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मागे कुणी अडलंच तर असावा म्हणून त्यांनी मला धन्याचा पासवर्ड सांगितला. मलाच का? "तू कोनाचा बरा करीत नाय नि वाईटबी करीत नाय. तुझेजवल ठेवलेला तसाच ऱ्हातो," म्हणाले. पासवर्ड होता 'गोमीबाई'.

मी विचारलं, "ही कोण?"

"आई."

मग खोलीचं दार लावून त्यांनी आपल्या खात्यातला एक फोल्डर उघडला आणि आवाज बारीक करून एक फाइल लावली. एका म्हातारीचा आवाज आला, खरखरीत, पण सुराला पक्का. मध्येच खोकला, मागे कोंबडा, कुणीतरी भांडं आपटलेलं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गातात, आणि गाणारणीला धवलारीण म्हणतात. गोमीबाई धवलारीण होत्या. केणींनी शेवटच्या दोन वर्षांत त्यांना समोर बसवून मोबाइलवर सगळं गाऊन घेतलं होतं. एक्केचाळीस धवले. मोबाइल पुढे मेला. घरी कॉम्प्युटर नव्हता. उरलं ते फक्त इथे, या डब्यात, 'हमाल'च्या नावावर.

"आख्ख्या पंचक्रोशीन अशी बाय नव्हती, दामल्या," केणी म्हणाले. "लिवाय येत नव्हता, पन एक शब्द चुकाची नाय. आता हलदीला डीजे लावतान. ह्यो कोनाला पाठ नाय."

"मग एखाद्या पेनड्राइव्हवर घ्या. नाहीतर माझ्या मेलवर टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"नको. पोरा उडवून त्यांची गानी भरतीन. नि भायेर गेला का आपला ऱ्हात नाय."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "कोनाला बोलशील तं बघ." मी कुणाला बोललो नाही. या बाबतीत माझी ख्याती आहे.

पुढच्या वर्षी डिस्पॅचला आणखी एक जागा भरली. सोमवारपासून येणार होत्या त्या सुजाता घाडगे निर्मलाताईंच्याच बिल्डिंगमधल्या निघाल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या. शुक्रवारी निर्मलाताई केणींच्या खोलीत गेल्या. मी बाहेर बाकावर होतो.

"केणीभाऊ, माझ्या खात्याचं नाव तेवढं बदला. काहीही ठेवा. शिवी ठेवा, पण हे नको."

"का गं? नाव बदलला का नवरा येतो परत?"

"माझा मुलगा दहावीला आहे हो. सुजाता सगळ्या बिल्डिंगला सांगेल."

केणींनी बडीशेप चावत थोडा विचार केला. "बदलतो की. उद्या जेवनाचे सुट्टीन कॅन्टीनला उभी ऱ्हा, नि सगल्यांचे समोर सांग, नाव का बदलाचा ते. मंग बदलतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाव ठरवणाऱ्या दुकानदारासारखे ते बोलत होते. निर्मलाताई शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला आल्या, डबा उघडला, न जेवताच मिटला. उभ्या काही राहिल्या नाहीत.

दुपारी त्या वजनकाट्यावर आल्या. काट्यावर ट्रक उभा होता, ड्रायव्हर पावतीला थांबला होता.

"दामले, केणीभाऊ रजेवर होते तेव्हा कॉम्प्युटर तुम्ही बघायचात ना? तुम्हाला पासवर्ड माहीत असेल."

"तेवढ्यापुरता होता हो. नंतर बदलला त्यांनी."

बदलला नव्हता. शनिवारी केणी अर्धा दिवस करून घरी जायचे. डिस्पॅच रिकामं होतं. जाऊन नाव बदलून येईपर्यंत ड्रायव्हरची विडीही संपली नसती. मला भीती केणींची होती का? थोडी. पण खरं सांगायचं तर मला त्यात पडायचंच नव्हतं. "बरं," बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या तशाच.

सोमवारी मी एक पावती घेऊन मुद्दाम डिस्पॅचला गेलो. निर्मलाताई आठलाच आल्या होत्या, पण केणी साडेनऊला आले आणि सुजाताबाईंचं खातं उघडायचं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर तीन नावं आली. सुजाताबाईंनी ती मोठ्यानं वाचली. "अगंबाई, निर्मलाताई, यातलं तुमचं कुठलं?"

'पिचकारी'वाला समोर लाल तोंड घेऊन उभा होता. 'उद्या देतो' हे शिंद्यांचं, ते अधूनमधून तिथे बसायचे. राहिलं एकच. निर्मलाताईंनी माउस हातात घेतला आणि स्वतःच्या नावावर टिचकी मारली. सुजाताबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आणि भावोजी काय म्हणतायत मस्कतला?"

पंधरवड्यात बिल्डिंगला कळलं. पोरं मुलाला 'ए मस्कत' म्हणून हाका मारायला लागली. एकदा त्यानं कुणाचं तरी डोकं फोडलं, आणि बाईंनी ते घर सोडून उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये खोली घेतली. मंगळसूत्र काढून ठेवलं. नोकरी मात्र सोडली नाही. रोज साडेआठला यायचंही आता सोडलं. सगळ्यांबरोबर साडेनऊला येऊन, सगळ्यांदेखत 'टाकलेली'वर टिचकी मारायच्या. केणींशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या. ते बघून मला जरा भीतीच वाटायची.

थोरले शेठ गेले. धाकटे शेठ त्यांच्या खुर्चीत बसले आणि पहिलं फर्मान काढलं: सगळे कॉम्प्युटर नवे, सगळ्यांची खाती कंपनीच्या मेलवर, खऱ्या नावानं. कॅम्प तीनचा एक व्यापारी नवे देणार आणि जुने घेऊन जाणार. तारीख ठरली ती केणींच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाची. आता वाटतं, ती मुद्दामच ठरवली असावी.

केणींनी त्या आठवड्यात त्या एक्केचाळीस फाइली बाहेर का काढल्या नाहीत? मी पुष्कळ विचार केला. पेनड्राइव्ह त्यांनी घेतला होता; मी पाहिला, नवाकोरा, खिशात पेचकसाशेजारी. मला वाटतं, ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. सगळ्यांची वरात काढणाऱ्या माणसाची वरात काढायची कुणाची छाती होणार नाही असं त्यांना वाटलं असावं. समोसे झाले की निवांत खोलीत बसून घेऊ, असा हिशेब असणार.

समोसे व्हायच्या आतच धाकटे शेठ उठले. "केणी, प्रथा तर तुम्हीच पाडलीत. आज आपका नंबर. चलो सब लोग!" आणि सगळा कारखाना त्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात लोटला. कॅम्प तीनला गेल्यावर निर्मलाताईंनीही कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि नवी व्यवस्था त्याच सांभाळणार होत्या, म्हणून शेठनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. व्यापाऱ्याच्या माणसानं त्यांच्या खऱ्या नावाचं खातं उघडलं आणि त्याला धनीपण द्यायला जुन्या धन्याचा पासवर्ड मागितला.

केणी उभेच. खांद्यावर शाल, हातात नारळ.

"बोलो केणी, सबका टाइम जा रहा है."

केणींनी तो सांगितला नाही. आणि इथे मी, ज्यानं आयुष्यात कधी मध्ये तोंड घातलं नाही, त्यानं घातलं. शेठच्या कपाळावरची आठी बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गोमीबाई."

आणि मग जो हशा फुटला तो अजून कानात आहे. "गोमी कोण रे? केणी, वहिनींना माहीत आहे का? म्हातारपणी गोमी!" 'पिचकारी'नं शिट्टी मारली. 'ततपप' अडखळत तेच नाव पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि लोक त्यावर आणखी हसत होते. 'आई आहे त्यांची,' एवढे तीन शब्द बोलायचे होते. केणी बोलले नाहीत. मीही नाही.

निर्मलाताई हसत नव्हत्या. त्या खुर्चीतून वळून माझ्याकडे बघत होत्या. "दामले, तेव्हाही हाच होता ना?"

मी मान हलवली. त्या परत पडद्याकडे वळल्या. 'हमाल'चं खातं निवडलं. दोन बटणं आली.

"केणीभाऊ, ठेवू का उडवू?"

"ठेव," केणी म्हणाले. पुन्हा हशा.

"का ठेवायच्या? सगळ्यांसमोर सांगा. मग ठेवते."

त्यांच्या आवाजातही राग नव्हता. केणींनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत, त्या बटणाखाली काय आहे हे माहीत असलेला मी दुसरा माणूस होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर निर्मलाताईंनी हात मागे घेतला असता. एवढं त्या बाईंना मी ओळखतो. मी हातातल्या बशीकडे बघत राहिलो. चटणी समोशाच्या कडेनं पसरत चालली होती.

"उडव," केणी म्हणाले.

निर्मलाताईंनी उडवलं. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या.

महिन्याभरानं केणी गेटवर आले. आत सोडायची मनाई होती, म्हणून वजनकाट्याच्या खिडकीशी उभे राहिले. "दामल्या, उडवलेला परत येतो, कधीकधी. डिस्क भेटली पायजे. माझे डिस्कवर मी मार्करनं 'के' लिवलाय. येतस का कॅम्पान?" मी सुट्टी टाकून गेलो. एवढं तरी मी केलं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

दुकान कॅम्प तीनच्या बाजारात, एका जिन्याखाली. जमिनीवर हार्ड डिस्कांचा ढीग. दुकानदार म्हणाला, "अंकल, 'के' वाली? वो तो पुसून ऊपर के माले पे दी है, भरतकामवाले को. पर था क्या उसमें?"

"ऑफिस का काम," केणी म्हणाले.

वर गेलो. जीन्सच्या मागच्या खिशांवर भरतकाम करणारी मशिनं ओळीनं चालली होती, आणि त्यांना नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर कोपऱ्यात. कारागिरानं कौतुकानं उघडून दाखवला. डिस्क काठोकाठ भरली होती: मोर, गरुड, गुलाब, कवट्या, हजारो. एकावर एक लिहून झालं की खालचं कोणालाच काढता येत नाही. केणींना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. समोर मशिनीची सुई एका निळ्या खिशावर मोर भरत होती. केणींनी चपला काढल्या. का ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. मशिनांच्या खडखडाटात त्यांचे ओठ हलले, एक ओळ, मग तीच ओळ पुन्हा. पुढची येत नव्हती.

"क्या चाहिए अंकल?" कारागिरानं विचारलं.

"कुछ नय. असाच बघाला आलतो."

खाली आल्यावर ते शेअर रिक्षात पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर बसले. मला मागे जागा होती, पण त्यांनी हातानंच थांबवलं. "तू येव नको." रिक्षा भरेपर्यंत समोरच्या काचेकडे बघत राहिले. ती सुटताना मान वळवून म्हणाले, "नावा सगल्यांची ठेवली, पन तुझा एकदम बराबर ठेवला व्हता." नंतर ते मला दिसले नाहीत.

कारखान्यात आता सगळ्यांची खाती खऱ्या नावानं आहेत, मेलवर. फक्त वजनकाट्याचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून माझा जुनाच ठेवलाय, लोकल खात्याचा. त्याच्या धन्याचा पासवर्ड आता निर्मलाताईंकडे आहे. नाव बदलून द्या म्हणून मी एकदा त्यांना भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, "देते की. उद्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला उभे राहा आणि सांगा, का बदलायचं ते."

याला आता दोन वर्षं होतील. आज सकाळीही मी कॉम्प्युटर चालू केला, पडद्यावर ते एकच नाव आलं: 'बघ्या'. त्यावर टिचकी मारली आणि पहिल्या ट्रकचं वजन घेतलं.